शाहिद अत्तारांचा नंबर

आमच्या शेजारच्या घरात एक फोन होता. त्याचा मालक डिसेंबरात वारला, पण फोन मात्र सरकारी कामावर हजर असायचा. मी थट्टा करत नाहीये. थट्टा सरकारने केली होती, आम्ही नुसती पाहत होतो.

शेजारीण म्हणजे कमरजहां अत्तार. कर्वेनगरातली आमची सोसायटी जुनी, लिफ्ट नाही, आणि मधल्या भिंती इतक्या पातळ की शेजारचा कुकर झाला की आपण गॅस बंद करावा. ती मूळची बुधवार पेठेतली, वडील हुसेनचाचा तिथे रेडिओ दुरुस्त करायचे. ब्लाउज असे शिवते की आसपासच्या बायका मंगल कार्यालयाच्या तारखेआधी हिची तारीख घेतात. बोलणं मोजकं. मी भरपूर बोलते, त्यामुळे आमचं जमलं.

तिचे यजमान शाहिदभाई राज्य सरकारच्या एका कार्यालयात होते. कुठल्या ते सांगत नाही, कारण मला अजून याच शहरात राहायचंय. धरणातून नदीत पाणी सोडायचं झालं की काठच्या लोकांना आधी सावध करायचं, हे त्यांचं काम. पूर्वी त्यासाठी एक जीप भोंगा लावून फिरायची. जीप पोचेपर्यंत लोकांचे सिलिंडर तरंगायला लागलेले असत. मग नवी यंत्रणा आली. एक बटण दाबलं की काठावरच्या प्रत्येक फोनवर मेसेज आणि वस्तीतल्या खांबावर सायरन. चांगली गोष्ट होती, मी उगाच नावं ठेवणार नाही. शाहिदभाई जायच्या आदल्या पावसाळ्यात लोक वेळेवर बाहेर पडले ते त्या बटणामुळेच.

पण बटण एकट्याने चालत नसे. अधिकृत माणसाच्या मोबाइलवर ओटीपी यायचा, तो घातला की मेसेज सुटायचा. अधिकृत माणसं दोन. एका साहेबांची बदली झाली. राहिले शाहिदभाई. मेसेजखाली त्यांचंच नाव यायचं, ‘अधिकृत: शाहिद अत्तार’.

नदीपलीकडे, सिंहगड रोडच्या बाजूला, पात्राला लागून एक वस्ती आहे. हुसेनचाचा तिथेच तळमजल्यावर राहायचे. दुकान विकल्यावर मुलीकडे राहायला ये म्हटलं तर म्हणाले, तुमच्याकडे जिना आहे. गुडघे गेलेले, हट्ट शाबूत. त्या वस्तीत दोन वर्षांपूर्वी एक व्हिडिओ फिरला. एक बडा अधिकारी कॅमेऱ्याकडे बघून सांगतोय, धरणाला तडा गेलाय, पळा. चेहरा त्याचाच, आवाज त्याचाच, आणि माणूस तो नव्हताच. कुणी तरी संगणकावर बनवलेला. लोक पळाले, चेंगराचेंगरीत एका म्हातारीचं कमरेचं हाड मोडलं, आणि रिकाम्या घरांतून चोरांनी हात धुऊन घेतले. तेव्हापासून शाहिदभाई घरोघर जाऊन एकच सांगायचे. फॉरवर्डवर विश्वास नको, कुणाच्या फोनवर नको, सरकारी मेसेज येईल आणि खाली माझं नाव असेल, तेव्हाच निघा. लोकांनी ते मनावर घेतलं. आपल्याकडे लोक फारसं काही मनावर घेत नाहीत, पण हे घेतलं.

डिसेंबरात शाहिदभाई ऑफिसातल्या खुर्चीतच गेले.

जूनमध्ये एका दुपारी मी कमरकडे फॉल लावायला साडी घेऊन बसले होते. शाहिदभाईंचा फोन वाजला. तिने उचलला, “हो, आला,” म्हणाली आणि सहा आकडे वाचून दाखवले. मी विचारलं, हे काय? तिने शिलाई न थांबवता सांगितलं. ऑफिसातला बुद्धभूषण, कंत्राटावरचा इंजिनिअर. यंत्रणेतला नंबर बदलायची फाइल मुंबईला गेलीय. यंत्रणा बनवणाऱ्या कंपनीचं कंत्राट संपलंय, नवी कंपनी म्हणते जुन्या वापरकर्त्याची संमती हवी.

“जुना वापरकर्ता कब्रस्तानात आहे,” मी म्हटलं.

“तेच त्यांनी लिहून कळवलंय. उत्तर आलं नाही.”

माझा पारा चढला. विधवेच्या घरी फोन करून ओटीपी मागतात, लाज नाही का, उद्या काही झालं तर अडकणार कोण, वगैरे सगळं मी बोलले. कमरने दोरा दाताने तोडला.

“ताई, मेसेजखाली अजून त्यांचं नाव येतं,” ती म्हणाली. “मी आकडे सांगते आणि ते नाव पलीकडे जातं. अब्बांच्या फोनवरही येतं. मला तेवढंच पुरे आहे.”

 मी साडी घेऊन घरी आले.

मुलगा शहेजाद हिंजवडीला नोकरीला. त्याला यातलं काही माहीत नव्हतं. कळलं असतं तर त्याने ऑफिसात जाऊन भांडण केलं असतं आणि दुसऱ्या दिवसापासून हे बंद झालं असतं. म्हणून तिने सांगितलं नाही. मीही गप्प बसले, आणि मी गप्प बसणं म्हणजे काय ते सोसायटीला विचारा.

ऑगस्टमधली ती सकाळ. आठवडाभराच्या झडीनंतर पुण्यात लख्ख ऊन पडलं होतं, सगळ्या गॅलऱ्यांत चादरी वाळत होत्या. शहेजादने ऑफिसात अर्धी सुट्टी टाकली होती. मी कमरकडेच बसले होते, तो बाहेरून आला तो खुशीतच. मृत माणसाच्या नावावरचा नंबर कंपनी कधीही बंद करते म्हणून आईचा जीव टांगणीला लागायचा, हे त्याने पाहिलं होतं. त्याने गुपचूप सगळी कागदपत्रं केली होती, नवं सिम आणलं होतं. आईसमोर बसून बाबांच्याच हँडसेटमध्ये घातलं.

“अम्मी, आता हा नंबर तुझ्या नावावर. कुणाचा बाप बंद करू शकत नाही.”

कमरने त्याच्या डोक्यावरून हात फिरवला. पोरगा निघताना चपला घालता घालता म्हणाला, “हां, आणि उद्या सकाळपर्यंत मेसेज नाही येणार यावर. सेफ्टी रूल आहे, सिम बदललं की चोवीस तास एसएमएस ब्लॉक. कॉल येतील.”

दार लागलं. कमर माझ्याकडे बघत राहिली.

“एवढं काय,” मी म्हटलं. “बघ की आभाळाकडे. ढगाचा ठिपका नाही.”

पुण्याच्या आभाळावर धरणाचा हिशेब चालत नाही, हे नदीकाठी आयुष्य काढलेल्या मला कळायला हवं होतं. पाऊस घाटात पडतो. आणि त्या दिवशी घाटात तो कोसळत होता.

दुपारची जेवणं होऊन भांडी व्हायची होती. फोन वाजला. बुद्धभूषण.

“वहिनी, आला का?”

“नाही.”

“परत पाठवतो. बघा हं.”

ती स्क्रीनकडे बघत राहिली. मीही. काही आलं नाही. पुन्हा फोन. तिने स्पीकर लावला.

“वहिनी, आता?”

“बुद्धभूषण, सिम बदललंय आज. माझ्या मुलाने केलं. त्याला माहीत नव्हतं. उद्यापर्यंत मेसेज येणार नाही.”

 त्याच्या मागे दुसरे फोन वाजत होते, कुणी तरी क्युसेकचे आकडे ओरडून सांगत होतं.

“वहिनी, गेट उघडायला घेतलेत,” तो शेवटी म्हणाला. त्याचा आवाज अगदी कोवळा वाटला. “धरण भरलंय, थांबवता येत नाही. वस्तीत पाणी शिरायला तास, फार तर सव्वा तास. सायरनपण त्याच बटणावर आहे. मुंबईला फोन लावतोय, आपली फाइल ज्यांच्याकडे आहे त्या मॅडम मीटिंगमध्ये आहेत म्हणतात. भोंग्याची गाडी काढलीय, ती सिंहगड रोडला ट्रॅफिकमध्ये उभी आहे.”

“अब्बा तिथे आहेत,” कमर म्हणाली.

“माहितेय, वहिनी.”

तिने आधी वडिलांना लावला, स्वतःच्या फोनवरून. हुसेनचाचा कानाने कमी, त्यामुळे त्यांचं बोलणं आम्हा सगळ्यांना ऐकू यायचं.

“अब्बा, निकलो वहाँ से. पाणी सोडलंय.”

“मेसेज नहीं आया, बेटा.”

“मेसेज नाही येणार! मी सांगतेय ना.”

“इथे ऊन पडलंय. शाहिदने सांगितलंय, त्याच्या मेसेजशिवाय उठायचं नाही. मागच्या वेळी ती पळापळ झाली, माझे दोन ट्रान्झिस्टर गेले.” आणि त्यांनी फोन ठेवला.

मग शहेजाद. त्याला समजावून सांगायलाच दोन मिनिटं गेली. “अम्मी, तू ओटीपी देत होतीस? सरकारला? अब्बूच्या नंबरवरून?” तो संतापला, मग घाबरला, मग कामाला लागला. सिम कंपनीच्या हेल्पलाइनला त्याने फोन लावला आणि आम्हाला त्या कॉलमध्ये घेतलं. यंत्रातली एक गोड बाई म्हणाली, आपली अडचण मला समजली आहे. तिला काही समजलं नव्हतं. तिने तीनदा रिचार्ज हवाय का विचारलं. अखेर एक जिवंत माणूस मिळाला. तो म्हणाला, सर, हे कुणाच्याच हातात नाही, फसवणूक होऊ नये म्हणून सिस्टिमच तशी आहे.

सगळं आपल्या जागी बरोबर होतं, हेच भयंकर. ओटीपी बरोबर, सिमचा नियम बरोबर, वस्तीने फोनवर विश्वास न ठेवणं बरोबर. आणि पाणी निघालेलं.

कमर उठली, पायात चपला अडकवल्या. मी कुलूप लावलं. रिक्षावाल्याला वस्तीचं नाव सांगितलं तर म्हणाला, पुलावर पॅक आहे, येणार नाही. मी त्याला माझ्या ठेवणीतल्या आवाजात समजावलं. तो आला.

पुलावर खरंच पॅक होतं. आमची रिक्षा मधोमध अडकली. खाली नदी दिसत होती. रोजच्यापेक्षा जरा रुंद, गढूळ, काठची लव्हाळी वाकलेली. पलीकडे वस्तीचे पत्रे उन्हात चमकत होते, दोऱ्यांवर कपडे वाळत होते. कुणीही हलत नव्हतं. मला त्या क्षणी ओरडावंसं वाटलं, पण एवढ्या लांबून कुणाला काय ऐकू जाणार?

कमर पुन्हा पुन्हा वडिलांना लावत होती. ते आता उचलतच नव्हते. 

“मी केलं हे, ताई,” ती म्हणाली. “मला त्यांचं नाव सोडवलं नाही. मुलाला सांगितलं असतं तर आज त्याने सिम बदललं नसतं. अब्बांना काही झालं तर...”

“गप्प बस,” मी म्हटलं. 

तेवढ्यात तिच्या मांडीवरचा शाहिदभाईंचा फोन वाजला. बुद्धभूषणच. मॅडम भेटल्या, म्हणाला, पण लेखी ईमेल मागतायत. कमर फोन कानाला लावून ऐकत होती, ती मधेच थांबली. कानापासून काढून फोनकडे बघितलं.

“बुद्धभूषण, यावरून फोन लागतात?”

“हो वहिनी, कॉल चालू असतात. फक्त एसएमएस—”

तिने त्याचं वाक्य पुरं होऊ दिलं नाही. फोन कापला आणि शाहिदभाईंच्या फोनमधली नावांची यादी काढली. वस्तीतलं प्रत्येक घर त्यात होतं, कारण नोंदणी करताना त्यांनी आपला नंबर सगळ्यांना दिला होता, सगळ्यांचा घेतला होता. आणि त्या सगळ्यांच्या फोनमध्ये हा नंबर अजून शाहिदभाईंच्या नावाने होता. कोण काढेल?

पहिलं नाव सोजरबाईंचं लागलं. सोजरबाई मूळ धायरीच्या, नदीकाठच्या गोठ्यात म्हशी. त्यांना वाचता येत नाही, म्हणून नातवाने प्रत्येकाचा फोटो लावून दिलेला. नंतर त्यांनीच मला सांगितलं, फोनवर मेलेल्या माणसाचा हसरा चेहरा उगवला तेव्हा हातातली चरवी पडली.

“कोन हाय?” त्यांचा आवाज फाटला होता.

“सोजरमावशी, मी कमर. शाहिदची बायको.”

“आगं बया... मला वाटलं...” त्यांनी श्वास घेतला. “बोल, बोल.”

“पाणी सोडलंय. मेसेज यायचा नाही, त्याचं बटण बंद पडलंय. म्हणून यांच्या नंबरवरून फोन करतेय. सगळ्यांना बाहेर काढा, वरच्या शाळेत न्या. आणि मावशी, अब्बा उठत नाहीयेत.”

सोजरबाईंनी एकही प्रश्न विचारला नाही. आम्हाला फोनवरच त्यांची आरोळी ऐकू आली, “संभाजी! म्हशी सोड रं! शाहिदभाऊच्या फोनवरनं सांगावा आलाय, पानी येतंय! त्या म्हाताऱ्याला उचला आधी!”

कमर पुढचं नाव लावत होती. त्याच्या पुढचं. कुणी किंचाळलं, कुणी रडायलाच लागलं. पण खोटं आहे असं एकही म्हणाला नाही. ती प्रत्येकाला तेच सांगत होती, मी शाहिदची बायको, मी शाहिदची बायको. आठ महिने तिने हे शब्द उच्चारले नव्हते. मी रिक्षात बसून ऐकत होते आणि माझे डोळे वाहत होते, आणि रिक्षावाला कधी इंजिन बंद करून मागे वळून बसला होता, मला कळलं नाही.

पुलावरून वस्ती हलताना दिसली. आधी म्हशी दिसल्या, मग डोक्यावर बोचकी घेतलेली माणसं, मग कडेवर पोरं. आम्ही उतरून चालायला लागलो. पलीकडे पोचलो तेव्हा पाणी पहिल्या रांगेच्या पायऱ्यांना लागलं होतं आणि सोजरबाईंचा संभाजी हुसेनचाचांना पाठुंगळी घेऊन चढ चढत होता. चाचा वाटभर त्याला शिव्या देत होते. त्यांचं टेबल, सोल्डरिंगची हत्यारं, उरलेले रेडिओ, सगळं मागे राहिलं होतं. थोड्या वेळाने ते पाण्यात गेलंच. माणूस एकही गेला नाही.

शाळेच्या हॉलमध्ये सगळे बसले होते. कुणी चहाची किटली आणली. शहेजाद हिंजवडीहून येऊन आईशेजारी बसला, तिच्याशी बोलला नाही, पण तिचा हातही सोडला नाही.

संध्याकाळी बुद्धभूषणचा फोन आला. मुंबईची चक्रं फिरली होती. आठ महिने जे होत नव्हतं ते दुपारच्या बोभाट्यानंतर तासात झालं. “नंबर बदलला, वहिनी,” तो म्हणाला. “तात्पुरता माझा टाकलाय. आता तुम्हाला त्रास देणार नाही.”

“त्रास?” कमर म्हणाली.  फोन बंद करून तिने पदराखाली घेतला आणि मांडी घालून तशीच बसून राहिली. मला वाटलं आता ही कोसळणार.

तेवढ्यात हॉलमधले सगळे फोन एकदम वाजले. नव्या नंबरवरून पहिला मेसेज सुटला होता, नदीत पाणी अजून वाढतंय, सुरक्षित जागेतून हलू नका. खाली लिहिलं होतं, ‘अधिकृत: बुद्धभूषण कांबळे’. लोक एकमेकांकडे बघायला लागले. हा कोण? खरा की खोटा? दोघे-तिघे उठलेसुद्धा, घरातलं सामान आणायला निघाले. वस्तीला ते नाव माहीत नव्हतं, आणि माहीत नसलेल्या नावावर विश्वास ठेवायचा नाही हे तिला शिकवून ठेवलं होतं.

हुसेनचाचांनी फोन डोळ्यांपासून लांब धरला. “शाहिदचं नाव नाही यात,” ते मोठ्याने म्हणाले. “हे नाही मानायचं.”

कमर उभी राहिली. दारापर्यंत गेलेली माणसं थांबली. तिला चारचौघांत बोलताना मी कधी पाहिलं नव्हतं.

“अब्बा, शाहिद गेले,” ती म्हणाली. आवाज सगळ्या हॉलला ऐकू जात होता. “आता त्यांचं नाव येणार नाही. हा मुलगा माझ्या ओळखीचा आहे. पाणी सोडताना दर वेळी मला फोन करायचा. आज दुपारपासून तुमच्यासाठी रडकुंडीला आलाय. आणि हा जिवंत आहे. याचं ऐकायचं.”

 दारातली माणसं परत येऊन आपापल्या जागी बसली. हुसेनचाचांनी मुलीच्या तोंडाकडे बघितलं. मग त्यांनी आपला फोन तिच्यापुढे केला आणि म्हणाले, “त्या मुलाचं नाव यात घालून दे मग. बारीक अक्षर मला दिसत नाही.”